रक्ताची गोळी, जनुकं आणि श्रावणातला तायकिळा

"रक्त पातळ करणाऱ्या गोळीसाठी एकदाच जनुक-चाचणी करा, आयुष्यभराचा डोस कळेल. आयएनआर बंद, पथ्य बंद. डॉक्टर हे लपवतात. नाहीतर नवी गोळी मागा, तिला तपासणीच लागत नाही." व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा मजकूर गोव्यात फोंड्यातल्या माझ्या फार्मसीत तिघांनी मोबाईल पुढे करून दाखवला, म्हणून लिहितेय. (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा; तो जितका वर, तितकं रक्त पातळ.)

त्यात खरं आहे ते आधी. सीवायपी२सी९ या जनुकावर वॉरफरिन, असेनोकुमेरॉल या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या शरीरातून किती लवकर निघून जाणार ते अवलंबून असतं. गोळी ज्या एंझाइमला अडवते, ते घडतं व्हीकेओआरसी१ या दुसऱ्या जनुकामुळे. म्हणून एकाला पुरेसा असलेला डोस दुसऱ्याला रक्तस्राव घडवू शकतो.

पण आयुष्यभराचा डोस? जनुकं, वय, वजन, बाकीची औषधं सगळं धरूनही वॉरफरिनच्या डोसमधल्या फरकाचा साधारण निम्माच उलगडा होतो. शिवाय जनुकं तीच राहिली तरी माणूस तोच राहत नाही. मेट्रोनिडाझोल घेतलं की आयएनआर चढतो, क्षयावरची रिफॅम्पिसिन सुरू झाली की उतरतो.

पथ्याचं तर विचारूच नका. श्रावणात आपल्याकडच्या कितीतरी हिंदू घरांतून मासळी जाते आणि ताटात तायकिळा (टाकळा), अळू, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला येतो. पालेभाजीत रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व भरपूर, आणि गोळी नेमका त्याचाच फेरवापर अडवते. रोज भाजी झाली की आयएनआर घसरतो. मग डोस वाढवला जातो. चवथ (गणेश चतुर्थी) होते, मासळी परत येते, भाजी कमी होते, वाढवलेला डोस मात्र तसाच, आणि आयएनआर वर. भाजी सोडा असं मी कुणाला सांगत नाही (श्रावणात तायकिळा सोडायला कोण ऐकणार!). रोज साधारण तेवढीच खा, आणि ताट बदललं की तपासून घ्या.

लपवण्याचा आरोप तर हास्यास्पद. 2013 साली जनुक पाहून डोस देण्याच्या तीन चाचण्या, म्हणजे रुग्णांवरचे अभ्यास, एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. युरोपातल्या वॉरफरिनच्या चाचणीत जनुक पाहून डोस दिलेल्यांचा आयएनआर 67 टक्के वेळ योग्य टप्प्यात राहिला, नेहमीच्या पद्धतीत 60 टक्के. अमेरिकेतल्या चाचणीत एकूण फरकच पडला नाही, आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत तर जनुकांचं गणित उलट चुकलं. असेनोकुमेरॉलच्या चाचणीत 12 आठवड्यांअखेर दोन्ही गट जवळपास सारखे. फायदा असलाच तर तो गोळी सुरू करतानाच्या आठवड्यांतला. आठ वर्षं गोळी घेणाऱ्याला जनुक-चाचणी जे सांगेल ते त्याच्या आयएनआरच्या वहीत केव्हाच लिहिलेलं असतं.

राहिली नवी गोळी. हृदयात धातूची झडप असलेल्यांनी ती मागूच नये. अशा रुग्णांवर डॅबिगॅट्रान ही नव्यांपैकी एक गोळी वापरून पाहिली, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.