सरपंच बाईंच्या यजमानांस काही सूचना

भाऊ, सर्वप्रथम अभिनंदन! सोडत निघाली, जागा महिलेची झाली आणि तुम्ही निवडून आलात.

73 व्या घटनादुरुस्तीने बायांना एक तृतीयांश जागा दिल्या होत्या, 2011 मध्ये आपल्या राज्याने त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. तुमच्यासारख्या होतकरू पुरुषांसाठी केवढी सोय झाली! समानतेला घाबरायचं कारण नाही. ती कागदावर असते आणि कागदांची पिशवी तुमच्याच मोटारसायकलच्या हँडलला लटकलेली असते.

आधी गाडीचं पाहा. मागच्या काचेवर 'सरपंच' ठळक अक्षरात, खाली वहिनींचं नाव आणि त्याखाली मोबाईल नंबर तुमचा. त्यांच्या नावात मधोमध तुमचं नाव येतंच, पेंटरला सांगून तेवढं लाल करून घ्या.

सही मात्र त्यांचीच लागते. त्यासाठी भाकरी थापायची वेळ उत्तम. हाताला पीठ असलं की कागद उलटून पाहता येत नाही. "कायचा हाय व हा ठराव?" असं विचारलंच तर "तुले काय कराचं? सायेब बाहेर उभे हायेत" एवढं पुरे. ग्रामसेवक अंगणात चहा पीत असतात, तेही समजूतदार आहेत.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी ठेवा. बाया वावरात असतील, रजिस्टर रात्री घरोघरी फिरवता येईल.

8 मार्चला मात्र कंजुषी नको. मंडप टाका, रांगोळी अन् संगीत खुर्ची ठेवा. स्टेजवरच्या खुर्च्या पाहुण्या पुरुषांना, सतरंजी बायांना. स्त्रीशक्तीवर तुम्हीच बोला, कारण बाया तोवर पंगतीच्या पोळ्या लाटत असतील. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 सालीच झाला, हेही भाषणात ठणकावून सांगा. दुसऱ्या दिवशी मजुरी वाटताना पुरुषापेक्षा बाईला कमीच द्या. दिवसभर कंबर मोडून निंदण करणं हे हलकं काम आहे, हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलं आहे. (ठरवायला बसलेल्यांत निंदणारं कोणी नव्हतं, पण वावर सोडून येणार कसं?)

सरकारही तुमच्या पाठीशी आहे. लाडक्या बहिणीला महिन्याला 1500 रुपये मिळतात खरे, पण 2025 मध्ये ई-केवायसी आली तेव्हा तिच्याबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधारही मागितला. बहीण स्वावलंबी झाली, ओटीपी तुमच्या मोबाईलवर आला. तालुक्याला घर घेणार असाल तर तेही वहिनींच्याच नावावर घ्या. बाईच्या नावाने घर खरेदी केलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. वडिलोपार्जित वावरात तुमच्या बहिणीचा वाटा येतो, तिच्याकडून मात्र राखीच्या साडीबरोबरच हक्कसोड करून घ्या.

एवढं करूनही एखादे दिवशी वहिनी हात धुऊन, चष्मा लावून ठराव वाचायला बसल्या तर? अविश्वास ठराव आहे. महिला सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात म्हणून खचू नका. निम्म्या सदस्य बायाच आहेत, त्यांच्या नवऱ्यांशी बोलून घ्या.