खुलासा : ग्रीव्ह्ज फायनलला जखमी नव्हता

‘पाय जायबंदी झाला म्हणून इंग्लंडचा फुटबॉलपटू जिमी ग्रीव्ह्ज १९६६ ची वर्ल्ड कप फायनल खेळू शकला नाही, आणि त्याला पदकही कधी मिळालं नाही,’ असा एक मेसेज फिरतोय. यातलं अर्धंच खरं आहे.

जखम झाली होती, पण ती फ्रान्सविरुद्धच्या साखळी सामन्यात. नडगी फाटली, चौदा टाके पडले. त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टनं अर्जेंटिनाविरुद्ध विजयी गोल केला. फायनलपर्यंत ग्रीव्ह्ज तंदुरुस्त झाला होता. इंग्लंडचे मॅनेजर आल्फ रॅम्झी यांनी जिंकती टीम मोडली नाही, इतकंच. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच, त्यामुळे गडी सूट-टाय घालून बाहेर बसला आणि हर्स्टनं हॅट्‌ट्रिक मारली.

पदकाचं म्हणाल तर तेव्हा ती फायनल खेळलेल्या अकरा जणांनाच मिळाली. बाकीच्यांना २००९ मध्ये दिली गेली, ग्रीव्ह्जलाही. त्यानं ते पुढे विकलं, ही गोष्ट मेसेजवाल्यांना कशी सुटली कोण जाणे!

‘त्यानंतर तो इंग्लंडकडून खेळलाच नाही’ हेही चूक. १९६७ मध्ये तो आणखी तीन सामने खेळला. एकूण ५७ सामने, ४४ गोल.