ताजी हवा, म्हणे!

वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन मोजून इंजिनात हवा-पेट्रोलचं प्रमाण काय ते सांगणारा) 'फ्री एअर'मध्ये, म्हणजे ताज्या हवेत, कॅलिब्रेट करा, असं मॅन्युअलवाले एका ओळीत लिहून मोकळे होतात. ही ताजी हवा आणायची कुठून? सेन्सरला लागतो २०.९ टक्के ऑक्सिजन, आणि गॅरेजात शेजारी कुणीतरी हटकून डिझेल गाडी चालू ठेवून चहाला गेलेला! बंद कर म्हटलं तर "दोनच मिनिटं, भाऊ." त्या धुरात कॅलिब्रेट केलं की सेन्सर तीच हवा शुद्ध धरून बसतो आणि पुढचं सगळं ट्यूनिंग बोंबलतं.

त्यात सेन्सर काढणं म्हणजे दिव्य. उष्णतेनं आटे असे जाम झालेले असतात की बोटं सोलून निघतात. मग तज्ज्ञ मंडळी येतात. "पाइपातच राहू दे की, इंजिन बंदच आहे ना!" अहो, पाइपात जळका धूर कोंडलेला असतो, त्याचं काय?

एवढं करून हवा-पेट्रोलचं प्रमाण गेजवर १४.७ आणि लॅपटॉपवर १५.१. का, तर सेन्सरच्या कंट्रोलरची अर्थिंगची वायर एका बोल्टला आणि ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) भलत्याच. प्रमाणाची १० ते २० ची पट्टी ५ व्होल्टमध्ये बसवलेली असली की ०.२ व्होल्टच्या फरकातच ०.४ चा घोळ होतो. पण वायर कोण तपासणार? नवा सेन्सर मागवतात!

आणि हो, टाकीत ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरून शुद्ध पेट्रोलच्या १४.७ च्या मागे धावणाऱ्यांनो, त्याचं गणित साडेतेराच्या आसपास असतं. लॅम्डा बघा ना, लॅम्डा! इंधन कुठलंही असो, नेमक्या मिश्रणाला तो १ च असतो.