दुसऱ्या प्रश्नाचं काय?

"नोकरी बोलणाऱ्याला मिळते, काम करणाऱ्याला नाही." पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरत पिंट्याने निकाल देऊन टाकला.

रविवारची सकाळ, इंदूरच्या रामबागेतला कोपरा आणि आमचं नेहमीचं टोळकं. पिंट्या शहराबाहेरच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीत एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीत मुलाखत देऊन आला, तिथून नकार आला, तेव्हापासून हेच पालुपद चालू आहे. येत्या गुरुवारी दुसरीकडे बोलावलंय.

"माझ्या आधी आत गेलेल्या पोराला मापं घ्यायचा व्हर्नियर तरी धरता येत असेल का, शंका आहे. पण इंग्रजी फाडफाड. घेतला त्याला."

"आणि तू आत काय बोललास?" सुहासकाकांनी विचारलं. काका बँकेतून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं भरतीच्या पॅनेलवर बसायचे.

"सगळे सांगतात तेच. हार्डवर्किंग आहे, लवकर शिकतो, टीममध्ये काम करायला आवडतं."

"म्हणजे बोललास तूही. फक्त तुझं काही बोलला नाहीस."

पिंट्या गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्याचं म्हणणं, काका, तुमचा जमाना वेगळा होता. आता एचआरवाल्यांना ठरावीक उत्तरं लागतात, ती पाठ केली नाहीत तर चिठ्ठी कटते. प्रसाद हसला. तो सुपर कॉरिडॉरवर एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि महिन्यातून बऱ्याचदा पलीकडच्या खुर्चीवर बसतो. "टीम प्लेअर तर येणारा प्रत्येक जण असतो रे भिया. आम्ही ते ऐकतसुद्धा नाही, पाणी पिऊन घेतो. खरी मुलाखत पुढच्या प्रश्नाला सुरू होते."

काकांनी मान डोलावली. त्यांच्या पॅनेलवर उमेदवाराला त्याची कमजोरी विचारली की हमखास उत्तर यायचं, मला प्रत्येक काम अगदी बिनचूक लागतं. काका शांतपणे विचारायचे, "बरं, मग त्यापायी अलीकडे कुठलं काम रखडलं?" इथे बहुतेक जण अडकायचे, कारण क्लासमध्ये पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असायचं. आणि हे सगळं किती गुणांसाठी? सरकारी बँकांत अधिकारी भरणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ परीक्षेत अंतिम यादीत लेखीचं वजन ८० आणि मुलाखतीचं २०. "पण यादीच्या कडेला बसलेल्यांचं भवितव्य त्या वीसातच असतं," काका म्हणाले.

अदितीने आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. ती भंवरकुआँला क्लास लावून राज्यसेवेची तयारी करते. (आपल्याकडे लोकांना वाटतं एमपीपीएससी, म्हणजे ही परीक्षा घेणारा मध्य प्रदेशचा लोकसेवा आयोग, भोपाळला आहे. नाही, इंदूरलाच आहे, रेसिडेन्सी भागात. मुलाखतीच्या दिवसांत तिथल्या रस्त्यावर नव्या कोऱ्या कोटातली मुलं घाम पुसत उभी दिसतात.) ती म्हणाली, "आमच्याकडे इंदूरच्या मुलाला काय विचारतात सांगू? तुमच्या शहराबद्दल सांगा. सगळे एकसुरात, इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर, २०१७ पासून सलग पहिलं. पुढचा प्रश्न, कसं काय? तिथे सुरू होतं 'जनसहभाग, इच्छाशक्ती' वगैरे."

"मग काय सांगायचं?" वकीलसाहेबांनी उगाच काडी टाकली.

"सांगायचं की आमच्या दारात कचऱ्याची गाडी येते आणि तिच्यात सहा वेगवेगळे कप्पे असतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि इलेक्ट्रॉनिक. ओला जातो देवगुराडियाला. तिथला कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजीचा प्लांट २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन होती. हे काही पाठ करावं लागत नाही काका, आई रोज डबे वेगळे करते ते बघितलं तरी निम्मं उत्तर येतं. बाकीचं निम्मं शोधायला एक संध्याकाळ पुरते."

मला हे पटलं. तयारी म्हणून आपण जे करतो ते बहुतेक पहिल्या प्रश्नाचं असतं. स्वतःबद्दल सांगा, आमच्याकडेच का यायचंय, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. यांची उत्तरं पन्नास रुपयांच्या गाइडमध्येही मिळतात. पण 'म्हणजे नक्की काय केलंत?' याचं उत्तर कुणी छापून विकत नाही.

वकीलसाहेबांना मात्र मुळावरच घाव घालायचा होता. त्यांच्या मते मुलाखत हा प्रकारच बंद करायला हवा, कारण त्यात आडनाव चालतं, ओळख चालते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंदच केल्या, त्याची घोषणा २०१५ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून झाली होती, हे त्यांनी तारखांसकट ऐकवलं. मग अजय हसिया खटला काढला. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात लेखीला १०० गुण आणि तोंडीला ५०. तोंडी परीक्षा काय, तर दोन-तीन मिनिटं. विचारायचे काय, तर वडील काय करतात, राहता कुठे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितलं की अशा प्रवेशात तोंडीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. "यूपीएससीत आजही एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आतच," वकीलसाहेब म्हणाले, जणू तो आकडा त्यांनीच बसवला होता.

"पण पिंट्याला पिथमपूरला कुणी लेखी परीक्षा देणार आहे का?" प्रसाद म्हणाला. "तिथे मुलाखतच शंभर टक्के."

मग त्याने त्याचं हुकमाचं पान टाकलं. निवड कुठल्या पद्धतीने केली तर माणूस पुढे खरंच चांगलं काम करतो, यावर मानसशास्त्रात अनेक दशकं अभ्यास चालू आहे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची आकडेमोड पुन्हा तपासली. सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण द्यायची पद्धत आधीच ठरलेली, अशा मुलाखतीचा पुढच्या कामाशी असलेला मेळ ०.४२ निघाला (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण). मनाला येईल ते विचारण्याच्या गप्पाटप्पांचा फक्त ०.१९. त्या तपासणीत नीट बांधलेली मुलाखत इतर सगळ्या पद्धतींच्या वर निघाली.

"बघा!" पिंट्या ओरडला. "गुरुवारी मला गप्पाटप्पावालाच भेटणार. प्लांट हेड दोन फोनच्या मध्ये बोलावतो, बायोडेटा तिथेच पहिल्यांदा बघतो, आणि म्हणतो, हां, बोलो."

याबाबतीत पिंट्या बरोबर आहे. ०.४२ वाली मुलाखत घेणारे सगळीकडे नसतात. समोरच्याने प्रश्न बांधून आणले नसतील तर उत्तर आपण बांधून न्यायला हवं, एवढाच त्यातून मार्ग. 'हां, बोलो' म्हणणाऱ्यालाही कामातली एखादी खरी गोष्ट ऐकायला आवडते, आणि एकदा तो त्यात गुंतला की पुढचे प्रश्न तिच्याबद्दलच विचारतो. म्हणजे दुसरा प्रश्न तुमच्या घरच्या मैदानावर येतो.

"चल, आत्ताच बघू," काका सरसावून बसले. "मी प्लांट हेड. सांगा, तुम्ही तिथे काय केलंत?"

"आम्ही लाइनवरचं रिजेक्शन कमी केलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे... डिपार्टमेंटने."

"मग डिपार्टमेंटलाच बोलावतो. तुम्ही या."

सगळे हसले, पिंट्याचे कान लाल झाले. प्रसादने मग त्याला हळूहळू बोलतं केलं. रिजेक्शन कशाचं होतं? ब्रॅकेटचं. का? बर येत होता, म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला जी धारदार किनार राहते ती. का येत होता? डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापणाऱ्या टूलचे खालचा-वरचा भाग, झिजले की कड स्वच्छ कापली जात नाही, बर वाढत जातो. मग आधी काय करायचे? गिऱ्हाइकाची तक्रार आली किंवा तपासणीवाल्याने बोंब मारली की टूल उतरवून ग्राइंडिंगला टूलरूममध्ये पाठवायचे. तोपर्यंत खराब माल निघून गेलेला.

"आणि तू?"

"मी काय, काही नाही. प्रेसवर काउंटर असतो ना, किती स्ट्रोक झाले त्याचा. मी शिफ्ट संपताना तो आकडा टूलच्या कार्डवर लिहायला लागलो. थोड्या दिवसांनी दिसलं की या टूलला साधारण एका ठरावीक आकड्यानंतरच बर सुरू होतो. मग फोरमनला म्हटलं, त्याच्या आधीच उतरवू या. आधी नाही म्हणाला, एका टूलवर करून बघ म्हणाला. आता सगळ्या कार्डांवर तो रकाना आहे."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग काका एकदम उसळले. "अरे शहाण्या! आणि आत जाऊन तू क्विक लर्नर म्हणालास?"

पिंट्याचं उत्तर मला फार खरं वाटलं. तो म्हणाला, "हे काय सांगायचं, हे तर रोजचंच आहे."

इथेच बरीच मुलं मार खातात, विशेषतः आपल्या घरांतली, जिथे स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे मिजास असं लहानपणापासून बिंबवलेलं असतं. पाठ केलेली इंग्रजी विशेषणं बोलायला लाज वाटत नाही, कारण ती आपली नसतात. स्वतः केलेली गोष्ट मात्र 'आम्ही'च्या मागे लपते.

इंग्रजीचा मुद्दा राहिलाच होता. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि आत गेल्यावर इंग्रजी, हे कसं जमायचं? अदिती म्हणाली, सुरुवातीची तीन-चार वाक्यं इंग्रजीत नीट बसवून ठेव, आणि टूलची गोष्ट आली की सरळ विचार, 'सर, हे हिंदीत सांगितलं तर चालेल?' प्रसादचा याला विरोध. त्याच्या कंपनीत परदेशी क्लायंटशी बोलावं लागतं, तिथे असं विचारलं की गुण जातातच. पिथमपूरच्या शॉपफ्लोअरवर बहुतेक चालेल, पण आधी बाहेर बसल्याबसल्या रिसेप्शनवरचे लोक आपसात काय बोलतात ते ऐक, असं शेवटी ठरलं. मला अदितीचं जास्त पटतं. अडखळत इंग्रजीत सांगितलेल्या बरपेक्षा हिंदीतला बर प्लांट हेडला लवकर कळेल.

पगारावर फार वेळ गेला नाही. पिंट्याला आकडा काय सांगायचा ते कळेना. काकांनी एवढंच बजावलं की समोरचा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, बोलतो आणि आपण हातात येणारा पगार ऐकतो. पीएफमधला कंपनीचा बारा टक्क्यांचा वाटा आणि ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के बहुतेक त्या आकड्यातच धरलेले असतात. ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षं टिकलास तर मिळणार. तेव्हा आकडा बोलायच्या आधी मूळ पगार किती ते विचार.

पिंट्याला आता हुरूप आला होता. "मी असं करतो, त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढतो आणि गुरुवारी दाखवतोच."

"खबरदार!" वकीलसाहेब खुर्चीतून उठलेच. "तो कंपनीचा कागद आहे. फोटो दाखवलास तर तो प्लांट हेड पहिला विचार हाच करेल की उद्या हा माझेही कागद घेऊन पळणार. गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचा नंबर, काही बोलायचं नाही. कोरा कागद माग आणि रकाने हाताने काढून दाखव."

पिंट्याने खिशातून पेन काढलं, पोह्याच्या कागदाच्या कोरड्या कोपऱ्यावर चार रकाने आखले आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी 'मी'ने सुरुवात केली. चांगली सांगितली. अदितीने टाळीसुद्धा दिली.

काका मात्र बँकवालेच. चष्मा पुसत म्हणाले, "ठीक. पण टूल आधीच उतरवायला लागलात म्हणजे ग्राइंडिंग जास्त वेळा होतं. तो खर्च वाढला की रिजेक्शन वाचल्याने भरून निघाला?"

पिंट्याने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"उद्या टूलरूममध्ये विचारतो," तो म्हणाला.