कूळ वेगळं, भाडेकरू वेगळा

गेल्या महिन्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर ‘सर्व घरमालकांनी वाचावे व जपून ठेवावे’, खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात. संध्याकाळी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी होता. मुद्दे थोडक्यात असे: भाडेकरू सलग बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, सुप्रीम कोर्टानंच तसं सांगितलंय. म्हणून करार अकरा महिन्यांचाच करावा आणि नोटरी करावा, नोंदणीची गरज नाही. भाडेकरूला आधारवर किंवा गॅसच्या पुस्तकावर आपला पत्ता लावू देऊ नये. भाडं रोख घ्यावं, पावती देऊ नये. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर वीज-पाणी तोडून कुलूप लावावं. आणि तो जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापावेत, तशी पद्धतच आहे.

मी या मेसेजच्या दोन्ही बाजूंना आहे. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं दोन खोल्यांचं घर मी भाड्यानं दिलंय, आणि २०१९ च्या पुरानंतर आईला घेऊन स्वतः विश्रामबागेत भाड्यानं राहतोय. महिन्याच्या पाच तारखेला एकीकडून पैसे येतात, सहा तारखेला दुसरीकडे जातात. त्यामुळे हे सगळं मला दोन्ही टोपीत शिकावं लागलंय. मामांना ग्रुपवर सगळ्यांदेखत उलटून बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे सविस्तर.

बारा वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी कबूल करतो. मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या परिशिष्टातला ६५ वा अनुच्छेद सांगतो, की आपल्या मालकीच्या जागेचा ताबा परत मागायचा दावा, समोरच्याचा ताबा आपल्याला ‘प्रतिकूल’ झाल्यापासून बारा वर्षांच्या आत लावावा. सगळी मेख त्या ‘प्रतिकूल’ शब्दात आहे. कुणी तुमच्या प्लॉटला स्वतःचं कुंपण घातलं, ‘ही जागा माझी’ म्हणून गावादेखत वापरली आणि तुम्ही बारा वर्षं चकार शब्द काढला नाहीत, तर तो प्रतिकूल ताबा. भाडेकरू तुमच्या परवानगीनं आत आलेला असतो आणि दर महिन्याला भाडं देऊन घर तुमचं असल्याचं कबूल करत असतो. बारा सोडा, तो पंचवीस वर्षं राहिला तरी परवानगीचा ताबा आपोआप प्रतिकूल होत नाही. उलट पुरावा कायद्यानं त्याचंच तोंड बांधलंय. ज्याच्याकडून जागा घेतली त्याचा हक्क भाडेकरूला किंवा लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, राहणाऱ्याला नाकारता येत नाही. जुन्या १८७२ च्या कायद्यात हे कलम ११६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १२२ आहे.

मग सुप्रीम कोर्टाचं काय? निकाल खरा आहे. रवींदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर, ७ ऑगस्ट २०१९. त्यात प्रश्न एवढाच होता, की प्रतिकूल ताब्यानं ज्याचा हक्क पक्का झालाय त्याला तो फक्त बचावात सांगता येतो, की स्वतः दावाही लावता येतो? कोर्टानं सांगितलं, दावाही लावता येतो. भाडेकरूला मालक करणारं त्यात काही नाही. तारीख बघा मात्र. त्या आठवड्यात निम्मी सांगली पाण्यात होती आणि आम्ही माळ्यावर सामान चढवत होतो. निकाल वाचायला कुणाला सवड होती? मेसेज तेवढा पोचला.

पण भीती निकालानं निर्माण केली नाही, ती आधीपासून होती. आमच्याकडे ‘कूळ लागलं’ हे दोन शब्द अजून दबक्या आवाजात बोलतात. १९४८ चा कुळकायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्याच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेली गोष्ट होती, आणि जमीन गेलेल्याच्या घरात जखम. आमच्या आजोळी दुसरा प्रकार झाला, म्हणून मामांना ‘भाडेकरू’ शब्द ऐकला की सातबारा दिसतो. पण कुळकायदा शेतजमिनीचा. विश्रामबागेतल्या वन बीएचकेला कूळ लागत नाही, मामा.

दुसरी भीती गावातल्या वाड्यांची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली. पुढे त्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. पंधरा-वीस रुपये भाड्यानं माडीवर राहणारी बिऱ्हाडं अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. तिथेही बिऱ्हाडकरू मालक झाला नव्हता, फक्त त्याला हलवता येत नव्हतं. आणि तो कायदा जाऊन आता पाव शतक झालं.

या भीतीची किंमत मामा रोख मोजतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये मिरजेच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक सिस्टर राहायच्या. भाडं वेळेवर, आवाज नाही, तक्रार नाही. अकरा महिने झाले म्हणून त्यांना जायला सांगितलं. फ्लॅट दोन महिने रिकामा आहे आणि मेंटेनन्स मामाच भरतात.

आता अकरा महिने आणि नोटरी. हा सल्ला दुसऱ्या राज्यातून आलाय. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी एक महिना खाली उतरून अकराचा आकडा धरला. महाराष्ट्रात ही पळवाट ३१ मार्च २०००लाच बंद झाली. त्या दिवशी लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं ५५ वं कलम म्हणतं, की भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा जास्त बोचणारी ओळ त्याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं; ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. आता हे मेसेजमधल्या चौथ्या मुद्द्याशेजारी ठेवून बघा. करार नोटरीचा, भाडं रोख, पावती नाही. उद्या समोरचा म्हणाला ‘भाडं चार हजार ठरलं होतं आणि डिपॉझिट पन्नास हजार दिलंय’, तर तुमच्या हातात काय? भाडेकरूपासून वाचायला म्हणून जे जे केलं, त्यानंच सगळे पत्ते त्याच्या हातात गेले.

खर्चाचं रडगाणंही ऐकतो. गावभागातल्या घराचाच हिशेब देतो: भाडं आठ हजार, परतीचं डिपॉझिट तीस हजार. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्याच्यावरही तेवढंच. अकरा महिन्यांना दोन-तीनशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. तीन वर्षांचा करार केला तर शुल्क सातशे-आठशेच्या घरात जातं, पण हजाराची फी एकदाच. म्हणजे दर अकरा महिन्यांनी कागद करण्यापेक्षा छत्तीस महिन्यांचा स्वस्त पडतो. मध्येच सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, ते करारातच लिहायचं. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. त्याचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे आला तेव्हा आईचा अंगठा चार वेळा उमटला नाही. भांडी घासून रेषा गेल्यात, असं तीच त्याला समजावत होती.

आधार आणि गॅसच्या पत्त्याची भीती तर एका वाक्यात संपते. आधार कायद्याच्या ९ व्या कलमातच लिहिलंय, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचाही पुरावा नाही. तो माणूस इथला रहिवासी आहे हेसुद्धा जे कार्ड एकट्यानं ठरवत नाही, ते तुमच्या फ्लॅटची मालकी कुठून देणार? भाडेकरूचं मात्र या अडवणुकीनं खरंच अडतं: गॅस, बँक, मतदार यादी, पोरांची शाळा. मी स्वतः विश्रामबागेत आल्यावर वर्षभर जुन्या पत्त्यावर सिलेंडर घेऊन स्कूटरवरून इकडे आणत होतो.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली की करार लागत नाही, असंही काहीजण या मेसेजखाली लिहितात. दोन्ही वेगळी कामं आहेत, दोन्ही करा.

पावतीबद्दल थोडं. १९९९ च्या भाडे कायद्याच्या २६ व्या कलमानं मिळालेल्या पैशाची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पावती टाळण्यामागे बहुतेकदा इन्कम टॅक्सची धास्ती असते. अहो, घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, एकही बिल न दाखवता. आणि भाडेकरू नोकरदार असून घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, भाडं वर्षाला लाखाच्या वर असेल, तर तो तुमचा पॅन ऑफिसात देणारच. लपवालपवी तिथेच उघडी पडते.

पाचवा मुद्दा सगळ्यांत घातक. भाडेकरूची वीज, पाणी अशा आवश्यक सोयी तोडायला त्याच भाडे कायद्याचं २९ वं कलम मनाई करतं. आणि माणूस बाहेर गेलेला बघून कुलूप लावलं, सामान जिन्यात काढलं, तर पोलीस ठाण्याच्या बाकावर घरमालकच बसतो. कायद्यानं सरळ वाट दिलेली असताना हे करायचं कशाला? राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सनं दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस हलत नसेल, तर २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्यानं लढायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर निकाल मालकाच्या बाजूनं. मुदतीनंतर जितके दिवस राहील तितके दिवस दुप्पट दरानं नुकसानभरपाई. आणि या कामात लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. तोच कागद, जो मामा करत नाहीत!

रंगाचे पैसे. इथे मी भाडेकरूची टोपी घालतो. आधीच्या एका घरमालकानं माझे बारा हजार रंगासाठी कापले. भिंती आम्ही आलो तेव्हाच पोपडे धरलेल्या होत्या, पण तेव्हा फोटो काढायचं सुचलं नाही. ‘पद्धत आहे’ याला कायद्यात काही अर्थ नाही. करारात लिहिलं असेल तर आहे, नाहीतर नाही. राहण्यानं होणारी झीज वेगळी आणि पोरानं दारावर ठोकलेले खिळे वेगळे. आता मी दोन्ही घरांत एकच करतो: किल्ली देताना-घेताना प्रत्येक खोलीचे फोटो, पंखे-नळ-गीझरची यादी, वीज मीटरचं रीडिंग, सगळं दोघांच्या व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी.

भाडेकरूंच्या ग्रुपवरही या मेसेजचा एक जुळा भाऊ फिरतो: ‘नवा कायदा आला, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं गुन्हा.’ २०२१ मध्ये केंद्रानं मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. माझ्या भाडेकरूनं मला तो मेसेज दाखवला तेव्हा आम्ही चहा पीत हेच बोललो, आणि डिपॉझिट तीस हजारच राहिलं.

सांगलीत घर घेणाऱ्या-देणाऱ्यानं ज्याचा विचार आधी करायचा, ते या सहा मुद्द्यांत कुठेच नाही. मेसेज लिहिणारा इथला नसावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोक्याची. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. तळमजला बघायला जाल तेव्हा एजंटाला विचारू नका, शेजारच्या आजींना विचारा: २००५ ला कुठवर, २०१९ ला कुठवर, २०२१ ला कुठवर? त्या हात वर करून भिंतीवर दाखवतात. आमच्या गावभागातल्या घराच्या करारात मी एक कलम मुद्दाम घातलंय. पाणी घरात शिरलं तर घर पुन्हा राहण्याजोगं होईपर्यंत भाडं नाही. वायरिंग, भिंती, दारं माझी. फ्रीज, गादी, कपाट त्याचं. आणि इशारा पातळी गाठली की माळ्याची किल्ली त्याच्याकडे.