नॅनो हळदीच्या थेंबांनी शुगरची गोळी सुटत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय: "साध्या गोळीतलं ९० टक्के औषध लघवीवाटे वाया जातं. नॅनो हळदीचे थेंब १०० टक्के रक्तात उतरतात. साइड इफेक्ट शून्य. शुगरच्या गोळ्या बंद करा." माझं मेडिकल आहे, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून बोलतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आधी "लघवीवाटे वाया" घेऊ. शुगरच्या गोळीतलं नेहमीचं औषध म्हणजे मेटफॉर्मिन. ते पाण्यात सहज विरघळतं, आतड्यातून रक्तात जातं, यकृतात काम करतं आणि मग जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. काम उरकून! विरघळण्याची अडचणच नाही, तर त्याचे कण नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, करून मिळणार काय?

ती अडचण असते पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांना, आणि तिथे नॅनो खरंच उपयोगी आहे. १० मायक्रॉनचा कण शंभरपट बारीक, म्हणजे १०० नॅनोमीटरचा केला, तर तेवढ्याच वजनाच्या औषधाचा पृष्ठभाग १०० पट होतो आणि ते लवकर विरघळतं. किडनी बदललेल्यांना लागणाऱ्या सिरोलिमसची अशी गोळी अमेरिकेत २००० मध्येच मंजूर झाली.

हळदीतलं कर्क्युमिनही याच न विरघळणाऱ्यांतलं. पण कण बारीक केले तरी आतड्याची भिंत आणि यकृत त्याचं दुसऱ्या पदार्थांत रूपांतर करायचं थांबत नाहीत. १०० टक्के कुठून आणणार?

"साइड इफेक्ट शून्य" तर उलटंच आहे. जास्त शोषलं तर परिणामही जास्त, बरा आणि वाईट दोन्ही. इटलीत २०१९ मध्ये हळदीची सप्लिमेंटं घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. आमटीतल्या हळदीला घाबरू नका, ती वेगळी गोष्ट.

एकाने आणून दाखवलेली बाटली उलटसुलट करून पाहिली. पुढे ठळक 'नॅनो', मागे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर, म्हणजे परवाना खाद्यपदार्थाचा. कणांचा आकार कुठेच नाही. नॅनो औषधांसाठी आपल्याकडे २०१९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. कण केवढे आणि ते टिकतात का, हे तपासून दाखवावं लागतं, कारण बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे होतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात ही बाटली कुठे ठेवायची, तेही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

राहिलं "बंद करा". गोळी थांबवली की बऱ्याचदा लगेच काही जाणवत नाही, म्हणून थेंब लागू पडले असं वाटतं. शुगर आत चढतच असते. ज्यांनी गोळी सोडली आहे त्यांनी उद्या सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा. थेंबांची बाटलीही सोबत न्यावी.