रान उक्तं विकण्याची सोपी रीत

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि संगमेश्वर, लांजा, राजापूरकडे कुठेतरी सातबाऱ्यावर नाव असलेल्या समस्त भाऊबंदांना सप्रेम नमस्कार. तुमचं रान नुसतं उभं आहे. भाडं येत नाही, व्याज येत नाही, आणि मे महिन्यात आलात की कुणीतरी विचारतंच, "रानाचं काय करणार?" काळजी सोडा. माझ्या जमिनीला लागून असलेल्या रानातली उभी झाडं यंदा होळीनंतर मालकांनी मुंबईत बसूनच उक्ती, म्हणजे न मोजता एकरकमी, विकली. सगळा कार्यक्रम जवळून बघितल्यामुळे मार्गदर्शन करायचा अधिकार मला आपसूक मिळाला आहे.

तर पहिलं म्हणजे, गावी येऊ नका. उगाच एसटीचे पैसे. लाकूडवाला फोनवरच सांगेल, "दादा, काय नाय तुमच्या रानात, सगळी फाटीच आहे, नुसतं सरपण." त्याच्यावर विश्वास ठेवा. ऐनाचं झाड कुठलं आणि किंजळीचं कुठलं हे तुम्हाला ओळखता येत नाही, त्याला येतं. तो उक्ता आकडा सांगेल, तुम्ही वर पाच हजार मागा, तो दोन वाढवेल, आणि व्यवहार जिंकल्याचं समाधान दोघांनाही मिळेल. तोच माल घाटावर टनावर विकला जातो, तिथे वजनकाटा असतो, वगैरे चौकशा करू नयेत. माणूस दुखावतो.

सातबाऱ्यावर बावीस नावं असतील तर एकवीस जणांना कळवू नका. घरात वाद नकोत.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, जांभूळ, खैर, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मूळ कायद्यात दंड होता हजार रुपयांपर्यंत. तेवढ्यात आज कटर मशीनवाल्या पोरांचा एक दिवसाचा वडा-चहा आणि पेट्रोल भागतं. शिवाय "परवानगीचं मी बघतो" हे लाकूडवाल्याने सांगितलेलंच असतं. तो काय बघतो ते बघायला जाऊ नका. ट्रक रात्री का भरतात, तेही विचारू नका. दिवसा ऊन असतं.

बिब्याचं लाकूड सरपणात आलं तर खुशाल चुलीत घाला. उतलं तर तोंड सुजतं, एवढंच.

आता हद्द. जुनी माणसं समजत की गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, हीच हद्द. एक बाजू तुमची, एक माझी. अडाणी होती. आधुनिक पद्धत अशी की, तुम्ही फोनवर सांगायचं, "खालच्या ओढ्यापर्यंत, पऱ्यापर्यंत सगळं आपलंच." मशीन चालवणारी पोरं परमुलखातली, त्यांना काय ठाऊक मध्ये माझा तुकडा आहे ते? त्यांचा दोष नाहीच. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पऱ्यापर्यंत साफ केलं. त्यात माझा ऐन गेला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. दरवर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, आम्ही त्याची कवळं तोडायचो, खालच्या फांद्या घ्यायच्या आणि शेंडा राखायचा, आणि पावसाळ्यानंतर तो पुन्हा तस्साच. माझ्या वडिलांनी तोडली, त्यांच्या वडिलांनी तोडली, झाड उभंच. मशीनला अर्धा तास लागला नाही. बरं, पडला तो सरळ गडग्यावर. चिरे चौफेर उडाले, दोन वाव गडगा सपाट. त्यातून गुरं आत आली आणि काजूची कलमं शेंड्यापासून खाल्ली. गडग्याच्या कडेने वरच्या झऱ्याचं पाणी येतं तो पाइप तीन ठिकाणी चेपला. ऐन एप्रिलात. वाडीतली पाच घरं त्या पाण्यावर आहेत. मी मालकांना फोन केला. म्हणाले, "अरे, एक झाडच ना? लाकूडवाल्याशी बोल." लाकूडवाल्याला केला. तो म्हणाला, "मालकांशी बोला." पुन्हा मालकांना केला तर ते मीटिंगमध्ये. मग त्यांच्या भाच्याचा मेसेज आला, की काका म्हणतात लाकडाचे काय ते पैसे सांगा. लाकडाचे! वखारीच्या भावाने! माझ्या आज्याच्या हातचं झाड, आणि हे मला टनाचा भाव विचारतात!

असो. मार्गदर्शन चालू ठेवू.

पोकळ, म्हातारी झाडं आधी पाडा. ती कामाची नसतात. त्यांच्या ढोलीत मार्च-एप्रिलमध्ये धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. चोच जाईल एवढीच फट असते आणि नर तिच्यातून फळं भरवतो. तिला उडता येणार नाही, त्यामुळे कामात व्यत्यय नाही. आमच्याकडचं बेहड्याचं झाड पडलं त्यानंतर नर दोन दिवस चोचीत फळ धरून येत होता. पोरांनी व्हिडिओ काढला, चांगला चालला.

फांद्याटिंद्याही सोडू नका, त्यांनाही गिऱ्हाईक आहे. नाहीतर वाडीतल्या बायका फुकट उचलतात. आमच्या काकींना उज्ज्वलाचा सिलिंडर आहे. त्यावर चहा होतो. भात, पेज आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण सिलिंडर दरवेळी भरून घेणं परवडत नाही. दरवर्षी वैशाखात त्या तुमच्याच रानातून पडलेली, वाळलेली फाटी वेचायच्या आणि आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आत, मांगरात, शेतातल्या खोपीत, रचून ठेवायच्या. कधी जिवंत फांदीला कोयता लावला नाही. ओलं लाकूड धूर करतं आणि डोळे जातात हे त्यांना कळतं. यंदा त्या डोंगरापलीकडे जातात. वय सत्तरीपुढचं आहे. व्यायाम होतो.

आणि मयतीची चिंता तर मुळीच करू नका. त्याच लाकूडवाल्याचा टेम्पो येतो. रोख घेतो.

नाही, आता हे उपरोधाने लिहिणं जमत नाही. मालक, सरळच बोलतो. गेल्या श्रावणात तुमचे चुलते गेले. धो धो पाऊस, तुम्ही घाटात अडकलात. घरटी एक लाकूड आलं, रीतच आहे ती. सुकी लाकडं त्या दिवसांत कुणाच्या मांगरात होती, विचारलंत कधी? माझ्या. त्याच ऐनाच्या वाळक्या फांद्या होत्या त्या. तेव्हा मी टनाचा भाव लावला नाही.

विकू नका असं कोण म्हणतंय? रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगीच आहे, गरजेला माणूस झाडं विकणारच. मुलीचं शिक्षण असेल, आजारपण असेल. पण रीत आहे की नाही? खुंट राखून तोडा, ऐन-किंजळ पुन्हा फुटतात. तुमच्या माणसाने खुंटसुद्धा पेटवून दिले! पऱ्याच्या कडेचं सोडा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा टीव्हीवर बघून तुम्हीच मला फोन केला होता, "काय रे, आपल्याकडे दरड नाही ना?" या पावसात तो उघडा उतार तुमच्याच घराच्या मागे आहे. माझ्या नाही. घराला कुलूप असतं म्हणून तुम्हाला काही वाटत नाही, पण खालच्या घरात माणसं झोपतात. जरा तरी लाज बाळगा.

पाइप मी जोडून घेतलाय, त्याची पावती भाच्याला पाठवली आहे. गडग्याचं गवंडी सांगेल ते. मोजणीचा अर्जही भरला. नोटीस तुमच्या मुंबईच्या पत्त्यावर येईल, ती घ्या, परत पाठवू नका. आणि मोजणीच्या दिवशी स्वतः या. भाच्याला पाठवलंत तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.